पाच नंबरची जोडी

मोजणीदारांच्या मनात हेवा शिरला तो करंगळीएवढ्या दोन सेलांच्या वाटेनं. एरवी माणूस सरळ, देवभोळा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हेव्याला काय, सुईच्या नेढ्याएवढी वाट पुरते. एकदा आत आला की तो पाय पसरून बसतो, आणि वर घरमालकालाच विचारतो, "तुम्ही कोण?"

कचेरीचं काम असं होतं. जंगलाच्या हद्दीवर जुन्या काळी दगड रोवले होते. झुडपांत, नाल्यांत, कुठे मातीखाली गेलेले. ते शोधायचे, दगडाला लागून उभं राहायचं, हातातल्या जीपीएसवर त्याची जागा नोंदवायची आणि पुढच्या दगडाकडे निघायचं. मोजणीदारांनी या कामात एकवीस वर्षं काढली होती. साखळी ओढत मोजायचे दिवस त्यांनी पाहिले होते. जमिनीकडे नुसतं पाहून "इथे असणार" म्हणायचे, आणि चार हात खणलं की दगड निघायचा.

त्यांचा धाकटा साडू याच कचेरीत होता. त्याला सगळे धाकटाच म्हणत. सहा वर्षांपूर्वी त्याच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला होता तो मोजणीदारांनीच. आणि सामानाच्या खोलीचा ताबा होता ताईंकडे. ताई म्हणजे या दोघांच्या बायकांची सख्खी थोरली बहीण. एका घरच्या तीन मुली; थोरली कचेरीत, मधलीचा नवरा कचेरीत, धाकटीचा नवरा कचेरीत. म्हणून बाकीचे लोक कचेरीला 'सासुरवाडी' म्हणत, आणि कुणी उशिरा आलं की, "काय, माहेरी जाऊन आलात का?" असं विचारत.

आठ महिन्यांपूर्वी या यंत्रांचे फेकून द्यायचे सेल बंद झाले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारे आले. एका खोक्यातून, सगळे सारखे. ताईंनी त्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक सेलाला कागदी पट्टी, पट्टीवर नंबर. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये सेल उभे करून ठेवायचे. भरलेला असेल तर अधिकच्या टोकाची टोपी वर, वापरून आणला तर टोपी खाली. आणि जोडी मोडायची नाही, हा ताईंचा कडक नियम. "एक दमलेला आणि एक ताजा एकत्र घातला, की दमलेला ताज्याचाही जीव काढतो," त्या सांगत. मग चष्म्यावरून बघत म्हणत, "माणसांचं तर तुम्हाला माहीतच आहे."

रोज सकाळी प्रत्येकाला दोन जोड्या मिळायच्या. मोजणीदारांना पाच आणि सहा, धाकट्याला बारा आणि तेरा.

आणि इथेच सगळं अडलं. धाकट्याला बारा नंबरची एकच जोडी दिवसभर पुरायची. तेरा नंबरची जोडी तो संध्याकाळी जशीच्या तशी, टोपी वर, परत करायचा. मोजणीदारांची पाच नंबरची जोडी मात्र अकरा-साडेअकराला मान टाकायची. यंत्राच्या कोपऱ्यात बॅटरीच्या चार काड्या असतात. त्यातली एकच उरायची आणि यंत्र चुकचुकायला लागायचं. मागे एकदा नोंद चालू असताना यंत्र बंद पडून अर्ध्या दिवसाचे दगड पुसले गेले होते. तेव्हापासून मोजणीदार एका काडीच्या पुढे जात नसत. एक काडी दिसली की जोडी बदलायची. दुसरी जोडी तीनच्या सुमाराला एका काडीवर आली की मुकाट्यानं परतायचं. ताकही फुंकून पिणारा माणूस. त्यामुळे दिवसाला त्यांचे दगड व्हायचे अठरा-एकोणीस, आणि कालच्या पोराचे तीस.

"ताईंनी त्याला निवडून दिलेत," मोजणीदार मनाशी म्हणाले ते पहिल्या महिन्यात. दुसऱ्या महिन्यात ते स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. चौथ्या महिन्यात बायकोला.

"तुझी ताई भेदभाव करते."

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "कशात?"

"सेलांत."

आता तिनं मान वर केली. "लोकांच्या बहिणी दागिन्यांत भेदभाव करतात, साड्यांत करतात. माझ्या बहिणीनं सेलांत केला होय?"

"हस तू. धाकटीच्या नवऱ्याला ताजे, मधलीच्या नवऱ्याला मेलेले. लहानपणी तुझ्या वाट्याला तिचे जुने फ्रॉक यायचे, ते तूच सांगितलंस ना?"

"ते फ्रॉक मला आवडायचे," बायको म्हणाली आणि देठं कागदात गुंडाळून उठली. जाता जाता म्हणाली, "विचारा की तिला सरळ. मिशी काय फक्त आरशात बघायला ठेवलीय?"

पण सरळ विचारेल तो हेवा कसला! हेवा वाकड्या वाटेनंच चालतो. मोजणीदार आता धाकट्याच्या प्रत्येक गोष्टीकडे बघू लागले. त्याच्या बुटांकडे. त्याच्या डब्याकडे. ताई त्याला "आलास का रे" म्हणायच्या आणि यांना "आलात का", त्या 'रे'कडेसुद्धा. मान आपल्याला मिळतोय हे त्यांना दिसेना. माया तिकडे चाललीय एवढंच दिसे. संध्याकाळी फळ्यावर दगडांचे आकडे लिहायचे असत. मोजणीदार आपला आकडा लिहायच्या आधी त्याचा वाचायचे आणि मग खडू जरा जोरात टेकवायचे.

त्यातच साहेबांनी डोंगराचं काम काढलं. डोंगराच्या धारेवर काही हजार दगड, कुणीच कधी नीट न मोजलेले. तीन महिन्यांचा मुक्काम, सहा जणांचं पथक आणि पथकाला एक प्रमुख. "या पंधरवड्याचे आकडे बघतो आणि नाव लावतो," साहेब म्हणाले. मोजणीदारांना तो डोंगर एकवीस वर्षं खिडकीतून दिसत होता. कधीतरी ही धार आपण मोजायची, हे त्यांनी देवाजवळ सोडून कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आणि आता तो डोंगर जाणार होता आपणच चिकटवून दिलेल्या साडूच्या हाती, कशामुळे, तर दोन सेलांमुळे!

मोजणीदारांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पावणेसातलाच कचेरीत आले. झाडणाऱ्या बाईंनी नुकतीच कुलपं काढून अंगण झाडायला घेतलं होतं. सामानाच्या खोलीत ट्रे मांडलेले, भरलेले सेल टोप्या वर करून शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे. मोजणीदारांनी पाच नंबरची जोडी उचलली, बारा नंबरची उचलली आणि नखानं कागदी पट्ट्या सोडवायला घेतल्या. ज्या हातांनी एकवीस वर्षांत एक दगड इकडचा तिकडे लिहिला नव्हता, तेच हे हात. पट्ट्यांचा डिंक सुकलेला, नीट चिकटेनात. थुंकी लावून, अंगठ्यानं दाबून, एकदाची पाचची पट्टी बाराच्या अंगावर आणि बाराची पाचच्या अंगावर बसली. एक जरा वाकडीच बसली. बाहेर झाडूचा आवाज थांबला तसे ते चोरासारखे खोलीबाहेर आले आणि व्हरांड्यात उभं राहून उगाच आभाळाकडे बघू लागले.

"लवकर आलात दादा?" मागून धाकट्याचा आवाज.

"झोप नाही लागली."

"चहा घेऊ या?"

"तू घे."

त्या दिवशी मोजणीदार हद्दीवर गेले ते नवऱ्या मुलासारखे. आज खरी जोडी आपल्या यंत्रात! दहा वाजता पाहिलं, दोन काड्या. साडेअकराला यंत्र चुकचुकलं. एक काडी.

दुसरा कुणी असता तर त्याच दगडावर बसून विचार करता, की बाबा रे, त्याची जोडी तुझ्या हातात आली आणि तिनंही मान टाकली, म्हणजे दुखणं जोडीत नाही. पण हेवा असा वकील आहे, की त्याला उलटा पुरावा दिला तरी तो सुलटा करून घेतो. मोजणीदारांच्या मनात लखकन आलं, 'ताईंना कळलं! त्यांनी माझ्या मागे पट्ट्या परत बदलल्या! म्हणजे इतकं लक्ष आहे त्याच्यावर!' आणि संध्याकाळी फळ्यावर धाकट्याचे एकतीस वाचल्यावर त्यांची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सामानाच्या खोलीत शिरले तेव्हा साहेब तिथे पावसाळी कोट मोजून घेत होते. एरवी साहेबांसमोर मोजणीदार खाकरतसुद्धा नसत.

"ताई, एकच विचारतो. मधलीचा नवरा म्हणजे काय सावत्र असतो का?"

ताई फडक्यानं चार्जर पुसत होत्या. "काय झालं जावईबापू? सकाळी सकाळी तोंडच चार्जिंगला लावून आलात."

"चेष्टा नको. बारा नंबरला दिवस पुरतो, पाच नंबर अकराला मरतो. आठ महिने मी गप्प बसलो. त्याला चांगले सेल, मला खोक्याच्या तळातले. डोंगर कुणाला द्यायचा हे ताईच ठरवणार असतील तर साहेबांनी आकडे तरी कशाला बघावेत?"

साहेबांचा हात कोटावरच राहिला. ताईंनी फडकं घडी करून ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं, पण त्यांचा चेहरा पडला.

"बोलणार नव्हते," त्या हळू म्हणाल्या. "बहिणीकडे बघून गप्प होते. पण आता तुम्हीच बोलायला लावता. संध्याकाळी मी सगळ्यांचे सेल चार्जरला लावते आणि कपाटं आवरते. रिकामी जोडी भरायला चार तास लागतात. मी निघते तेव्हा सगळ्यांचे दिवे लाल असतात. तुमचे मात्र मी निघायच्या आत हिरवे झालेले असतात. रोज. का? कारण ते रिकामे नसतातच. अर्धेअधिक भरलेले सेल तुम्ही टोपी खाली करून आणता, दोन्ही जोड्या."

"म्हणजे मी झाडाखाली झोपा काढतो?"

"मी नाही म्हणत. सेल म्हणतात."

"ताई!"

"साहेबांनी मला विचारलं होतं, यांचे दगड कमी का होतात. मी सांगितलं, गुडघे दुखतात हो त्यांचे, वय झालं. खोटं बोलले मी. माझ्या बहिणीच्या संसारासाठी बोलले."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?" मोजणीदार ओरडले. साहेबांनी नकळत त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि आपण पाहिलं म्हणून लाजले.

"मी बसत नाही, ताई. देवाशपथ बसत नाही." मोजणीदारांचा आवाज फुटला. "एक काडी उरते म्हणून फिरतो. हे बघा, काल रागात सहा नंबरची जोडी काढलीच नाही, आत आहे. बघा, एक काडी!" त्यांनी यंत्र चालू करून पुढे धरलं.

दारात धाकटा उभा होता. किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक. तो पुढे झाला. "दादा, जरा बघू?"

आता हे आधीच सांगायला हवं होतं, की नवे सेल आले तेव्हा याच धाकट्यानं एकेकाचं यंत्र घेऊन त्यातलं सेटिंग बदलून दिलं होतं. मोजणीदारांनी तेव्हा यंत्र छातीशी धरून सांगितलं होतं, "माझ्या यंत्राला हात लावायचा नाही. तू शाळेत होतास तेव्हापासून मी मोजतोय." सगळे हसले होते, धाकटाही हसला होता आणि पुढे गेला होता.

आज मोजणीदारांनी यंत्र दिलं. देताना बोटं क्षणभर सुटेनात.

धाकट्यानं तीन बटणं दाबली आणि त्याचा चेहरा बदलला. "काही नाही दादा," तो घाईनं म्हणाला, "होतं असं."

"काय होतं? बोल."

"यात अजून त्या जुन्या फेकायच्या सेलांचंच सेटिंग आहे."

"मग?"

धाकटा साहेबांकडे, ताईंकडे बघून अडखळत बोलू लागला. "ते जुने सेल कसे, सुरुवातीला जोरात असतात आणि मग उतरत उतरत जातात. हे भरायचे सेल पहिल्यापासूनच जरा हळू बोलतात, पण दिवसभर त्याच आवाजात बोलत राहतात. यंत्राला वाटतं समोर जुनाच सेल आहे, आणि आवाज एवढा खाली आला म्हणजे आता संपत आला. म्हणून ते एक काडी दाखवतं. सेल संपलेला नसतो." त्यानं आणखी एक बटण दाबलं आणि यंत्र मोजणीदारांकडे फिरवलं.

एकीच्या तीन काड्या झाल्या होत्या. तेच सेल.

मोजणीदार त्या तीन काड्यांकडे बघत राहिले. आठ महिने. रोज दुपारी तीन वाजता, ऊन चांगलं असताना, पायात बळ असताना, ते परत फिरले होते. ताईंवर आळ घेतला होता. ताईंनी त्यांना कामचुकार मानलं होतं आणि तरी पदरात घेतलं होतं. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मन किती लबाड! त्याही घडीला त्यांना पहिलं टोचलं ते हे, की यानं तीन बटणांत ओळखलं.

साहेबांनी घसा साफ केला. "मग हे आकडे काही खरे नाहीत. असं करू, एक आठवडा नव्यानं बघू. मग डोंगराचं ठरवू."

"हो साहेब," धाकटा लगेच म्हणाला. "दादांना आठवडा द्याच. एका जोडीवर ते माझ्या दीडपट करतील. दगड शोधण्यात त्यांचा हात धरणारा कचेरीत कुणी नाही."

हे ऐकलं आणि मोजणीदारांना वाटलं, यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आठवडा समोर होता. डोंगर समोर होता. गप्प राहायचं, एवढंच काम होतं. समोरच्या ट्रेमध्ये बारा नंबरची पट्टी वाकडी दिसत होती. ती वाकडी का, हे दोघांनाच माहीत होतं. एक मोजणीदार आणि दुसरा जो सगळंच बघतो तो.

"साहेब," ते म्हणाले, "काल सकाळी मी पट्ट्या बदलल्या. माझी पाच नंबर त्याच्या नावावर लावली, त्याची बारा माझ्या. त्याचे सेल लवकर मरावेत म्हणून."

ताईंनी वाकड्या पट्टीचा सेल उचलला, चष्मा वर करून पाहिला. "थुंकी लावलीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शी!" ताई म्हणाल्या आणि सेल फडक्यानं पुसायला लागल्या. पुसता पुसता डोळ्यांनाही तेच फडकं लावलं.

साहेबांनी हातातला कोट खाली ठेवला. "सांगितलंत हे बरं केलंत," ते म्हणाले. "पण डोंगरावर सहा माणसं एकमेकांच्या भरवशावर राहणार. या खेपेला प्रमुख तुम्ही नाही." मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "तू. आणि तुझ्या पथकात कोण घ्यायचं ते तू ठरव."

"पहिलं नाव दादांचं," धाकटा म्हणाला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "पट्ट्या बदलल्यात?" तिनं दोनदा विचारलं. पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "उद्या ताईच्या पाया पडा. आणि जा डोंगरावर. नाही गेलात तर जन्मभर माझ्याकडे तोंड पाडून बसाल, ते मला झेपायचं नाही."

ते गेले. ताईंच्या पाया पडायला वाकले तर ताई म्हणाल्या, "पुरे, गुडघे दुखतील." त्यांच्या हातात पाच नंबरची जोडी ठेवली, आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "जा रे, सांभाळून."

डोंगराच्या धारेवर पहिल्या दिवशी पथक दोन बाजूंनी निघालं. डावी बाजू मोजणीदारांची, उजवी धाकट्याची. वारा तोंडावर घेत, गवत बाजूला सारत मोजणीदार दगडामागून दगड उकरत गेले. दुपार झाली, तीन वाजले. पाय सवयीनं मागे वळायला लागले तेव्हा त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि पुढे निघाले. चारनंतरची हद्द त्यांनी आठ महिन्यांत पाहिलीच नव्हती. त्या उन्हात अर्धवट गाडलेले दगड लांबच लांब सावल्या टाकून आपणहून दिसत होते. त्यांना वाटलं, देवा, ही वेळ तू रोज मांडून ठेवत होतास आणि मी पाठ फिरवून घरी जात होतो.

उतरून मुक्कामावर आले तेव्हा उजेड होता. धाकटा वही घेऊन सगळ्यांचे आकडे लिहीत होता.

"दादा?"

"सव्वीस." आणि जीभ आवरेना. "तुझे?"

"बावीस."

मोजणीदारांच्या पोटात एक गोड कळ उठली. ती त्यांनी ओळखली. जुनीच पाहुणी, फक्त आज नटून आली होती. तेवढ्यात धाकटा उठून उभा राहिला आणि तंबूंकडे तोंड करून ओरडला, "अरे ऐका रे! दादांचे सव्वीस! पहिल्याच दिवशी, एवढ्या चढावर, सव्वीस!" त्याचा चेहरा असा फुललेला, की जणू ते सव्वीस त्याच्याच घरी जन्माला आले होते.

मोजणीदार त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. यात सोंग कुठे आहे, ते शोधून पाहिलं. जमिनीतला दगड ज्यांच्या नजरेतून सुटत नव्हता, त्यांना ते सापडलं नाही. आणि मग त्यांना पुन्हा हेवा वाटला. या खेपेला सेलांचा नव्हे, आकड्यांचा नव्हे, पथकाचाही नव्हे. दुसऱ्याच्या सव्वीसांवर असं हसता येतं, त्या हसण्याचा. आठ महिन्यांतला पहिलाच हेवा, जो त्यांना कुणापासून लपवावासा वाटला नाही.

त्यांनी पाठीवरची पिशवी काढली.

"उजवी बाजू अवघड आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी सकाळी वरून पाहिली. तिथे बावीस म्हणजे... चांगले झाले. फार चांगले झाले."

शब्द जरा खरखरीत निघाले, चिखलातून ओढून काढलेल्या दगडासारखे. धाकट्यानं वहीतून मान वर केली आणि लहान मुलासारखा लाजला.